पैसे कापले त्यांनी, भांडायचं आपण

"पैसे कट झालेत, पण आलेले नाहीत." हे वाक्य ऐकलं की आता माझं डोकं उठतं. नाशिकमध्ये रविवार कारंजा असो, शालिमार असो, नाशिकरोड असो, कुठल्या ना कुठल्या गल्ल्यापाशी ते ऐकू येतंच. पुढचा तमाशाही ठरलेला. गिऱ्हाईक मोबाइल नाचवतं, "हे बघा, कापलेत." दुकानदार आपला मोबाइल दाखवतो, "हे बघा, आलेच नाहीत." दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही समोरच्याला लबाड समजत असतात. ज्यांच्या यंत्रणेत ते पैसे अडकले, त्यांचा एक माणूस तिथे नसतो. आवाज चढतो तो आपल्या दोघांचा. ओळख तुटते ती आपली.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेलो. स्कॅन केलं, पिन टाकला, स्क्रीनवर ते गोल गोल फिरत राहिलं. बँकेचा मेसेज आला, रक्कम वजा. ॲपवर मात्र 'प्रोसेसिंग'. काउंटरवरचा साउंडबॉक्स गप्प. मागे माणसं खोळंबलेली, एकजण तर "दादा, बाजूला होऊन बघा ना" म्हणून खेकसला. मेडिकलवाला वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. तरी त्याने औषधांची पिशवी हातातून सोडली नाही. त्याला तरी कसा दोष देऊ? खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे त्याने पाहिलेत. साउंडबॉक्स बोलल्याशिवाय माल द्यायचा नाही, ही त्याची शिस्त बरोबरच आहे. शेवटी खिशातून नोटा काढल्या आणि त्याच गोळ्यांचे दुसऱ्यांदा पैसे दिले.

मग सुरू झाली फिरवाफिरवी. बँकेच्या शाखेत गेलो तर मॅडम म्हणाल्या, "सर, ते ॲपचं असतं, ॲपवरच तक्रार टाका." ॲपवर टाकली तर उत्तर आलं, "कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधा." हेल्पलाइन लावली तर एक दाबा, दोन दाबा, चार दाबा, आणि माणूस लाइनवर येईपर्यंत फोन कट. पुन्हा शाखेत गेलो. "येतील सर, कुठे जात नाहीत पैसे." अहो, कुठे जात नाहीत हे मलाही कळतं. पण मधल्या काळात ते माझ्याकडेही नाहीत आणि त्या मेडिकलवाल्याकडेही नाहीत, मग आहेत कोणाकडे?

इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण बँकेतलं कोणी ती आपणहून सांगणार नाही. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 ला एक परिपत्रक काढलेलं आहे. यूपीआयने एखाद्या माणसाला पैसे पाठवले, आपल्याकडून कापले गेले आणि त्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले असतील आणि त्याच्याकडे पैसे मिळाल्याचं कळलंच नसेल, तर पाच दिवसांत. त्याच्यापुढे जितके दिवस उशीर होईल, तितक्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता बँकेने स्वतःहून खात्यात जमा करायची आहे. अर्ज नाही, विनंती नाही, साहेबांच्या पाया पडणं नाही. 15 ऑक्टोबर 2019 पासून हा नियम लागू आहे.

हे मी शाखेत सांगितलं, तर समोरून उत्तर काय? "असं काही नसतं हो सर." मोबाइलवर परिपत्रक काढून दाखवलं, तर "हे हेड ऑफिसचं आहे, आमच्या हातात नाही." माझे पैसे परत आले, पण मुदत उलटून गेल्यावर. आणि दंडाचा एक रुपया आला नाही. मागितला, लेखी मागितला, पोच घेतली. नियमाप्रमाणे बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार ऑनलाइन करता येते, फी लागत नाही. ती मी केली आहे.

रक्कम किरकोळ आहे, सोडून दे, असं मला घरातल्यांसकट सगळ्यांनी सांगून झालं. का सोडू? माझा कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर बँक म्हणते का, किरकोळ आहे, सोडून देऊ? हप्ता परत गेला की त्याचा दंड आणि वर त्या दंडावर जीएसटी. तिथे सिस्टीम कधी अडकत नाही, तिथे 'प्रोसेसिंग' कधी दिसत नाही, तिथे "हेड ऑफिसचं आहे" कोणी म्हणत नाही. आपल्याकडून घ्यायचं असतं तेव्हा यंत्रणा स्वतःहून चालते. आपल्याला द्यायचं असतं तेव्हा आपण अर्ज घेऊन रांगेत.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो. आमच्या सोसायटीतला एक शहाणा तर दर वेळी तोच लावून धरतो, की एवढी सोय फुकट मिळतेय, तर एखाद वेळी अडकलं म्हणून बिघडलं काय? पहिलं म्हणजे फुकट काही नाही. एसएमएसचे पैसे बँका तिमाहीला कापतात. एटीएममधून मोफत मर्यादेबाहेर पैसे काढले तर 1 मे 2025 पासून एका वेळेला 23 रुपयांपर्यंत लागतात. गल्लीतला किराणावाला त्या साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं भरतो. आणि छोट्या दुकानदारांकडचे दोन हजारांपर्यंतचे व्यवहार बँकांना परवडावेत म्हणून केंद्र सरकार पैसे देतं. 2024-25 या एका वर्षासाठी त्या योजनेला सुमारे 1500 कोटी रुपये मंजूर झाले. ते काय आकाशातून पडले? आपल्याच कराचे आहेत.

आता 2024-25 च्या त्या योजनेतली अट ऐका. बँकेला मिळणाऱ्या रकमेतला काही भाग रोखून धरलेला असतो. एकूण रकमेचे 10 टक्के तेव्हाच मिळतात, जेव्हा बँकेचे तांत्रिक कारणाने फसलेले व्यवहार 0.75 टक्क्यांपेक्षा कमी असतात. आणखी 10 टक्के, सिस्टीम 99.5 टक्क्यांहून जास्त वेळ चालू राहिली तर. म्हणजे हजारात सात व्यवहार फसले तरी बँक पास. मान्य, त्या सगळ्यांत पैसे कापले जात नाहीत, बरेचसे नुसतेच फेल होतात. पण ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2000 कोटींच्या वर यूपीआय व्यवहार झाले. दहा हजारांत एक जरी कापून अडकला, तरी महिन्याला वीस लाख माणसं कुठल्या तरी काउंटरवर उभी राहून भांडणार. बँकेच्या कामगिरीचं मोजमाप सरकारला करता येतं, त्यावर तिचे पैसे रोखता येतात, मग ग्राहकाचा दंड वेळेवर दिला की नाही हे का मोजता येत नाही? तीच अट त्या योजनेत घाला. बँकेने किती जणांना मुदतीत पैसे परत केले, किती जणांना न मागता दंड दिला, हे दर तिमाहीला शाखेच्या दारावर लावा.

26 मार्च 2025 ची संध्याकाळ आठवते का कुणाला? देशभर यूपीआय बसलं होतं. बुधवार होता, म्हणजे गंगेवर, गोदावरीच्या काठी, बाजाराचा दिवस. ऐन गर्दीत एकेकाचे मोबाइल अडकायला लागले. मेथी-कोथिंबीर पिशवीत गेलेली, कांदे मापून झालेले आणि पैसे जाईनात. माझ्या पुढच्या बाईंचे कापले गेले होते, भाजीवाल्या मावशींकडे आलेले नव्हते. बाईंचा चेहरा रडकुंडीला आलेला. पर्समध्ये रोख नाही. मावशींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जाय बाई, घेऊन जाय. पुढल्या बुधवारी दे." पहाटे उठून टेम्पोने माल घेऊन आलेली बाई, जिची दिवसाची कमाई किती ते आपल्याला दिसतं, तिने परक्या माणसावर विश्वास टाकून नुकसान अंगावर घेतलं. आणि ज्यांच्याकडे सगळ्या देशाचे पैसे आहेत ते आपल्यावर शंभर रुपयांचा विश्वास टाकत नाहीत. त्यानंतर पुन्हा 12 एप्रिलला, हनुमान जयंतीच्या दिवशी, तेच झालं.

बरं, रोख वापरू म्हटलं तर तीही वाट बंद केलेली आहे. एटीएमला जा, पाचशेच्याच नोटा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये बँकांना सांगितलं की 30 सप्टेंबर 2025 पर्यंत 75 टक्के एटीएममधून आणि 31 मार्च 2026 पर्यंत 90 टक्के एटीएममधून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. तुमच्या घराजवळच्या एटीएमला जाऊन बघा आणि मग मला सांगा. पाचशेची नोट घेऊन शालिमारहून नाशिकरोडला शेअर रिक्षात बसा. रिक्षावाला म्हणतो सुट्टे नाहीत, ऑनलाइन करा. ऑनलाइन करावं तर नेटवर्क नाही, आणि बाकीचे तिघे "चला ना राव, ट्रेन आहे" म्हणून आपल्यावरच डाफरतात. दहाचं नाणं द्यावं तर "हे चालत नाही." दहाची सगळी नाणी चालतात, हे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगितलंय. एक रुपयाची आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायद्याने वैध आहेत. आणि हे सगळं कुठे होतंय? जिथे 1928 पासून नोटा छापल्या जातात त्या नाशिकरोडवर. बाबांची सगळी नोकरी प्रेसमध्ये गेली. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. एका दुकानात पोराने त्यांना सरळ सांगितलं, "आजोबा, कॅश नाही घेत आम्ही." ते काही न बोलता परत आले. मला कळलं तेव्हा मी त्या दुकानात जाऊन भांडलो, आणि पुन्हा भांडेन.

साध्या फोनवरूनही यूपीआय करता येतं, त्यासाठी 'यूपीआय 123पे' ही सोय मार्च 2022 पासून आहे. बाबांना कोणी सांगितलं? यूपीआय लाइट नावाची सोय आहे. त्यात थोडे पैसे आधीच बाजूला काढून ठेवता येतात, एका वेळी हजार रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात आणि दर चहा-भाजीसाठी बँकेच्या मुख्य सिस्टीमपर्यंत जावं लागत नाही, म्हणून अडकण्याचा धोकाही कमी. हे शाखेत कधी ऐकलंत? पासबुक भरायला गेलं तरी विमा घ्या, एसआयपी घ्या, क्रेडिट कार्ड घ्या. त्यासाठी माणसं आहेत, टेबल आहे, चहा आहे. अडकलेल्या पैशासाठी मात्र कोणी नाही.

आणि आता 2027 चा सिंहस्थ येतोय. मागचा 2015 ला झाला तेव्हा यूपीआय नव्हतंच, ते आलं 2016 ला. म्हणजे नाशिकमधला हा पहिला कुंभ असेल ज्यात रामकुंडावरच्या फुलवाल्यापासून तपोवनातल्या चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे स्कॅनर असेल. पर्वणीच्या दिवशी लाखो माणसं घाटावर आली की साधा फोन लागत नाही, हे प्रत्येक नाशिककराला माहीत आहे. परगावची म्हातारी माणसं, खिशात रोख नाही, पैसे कापलेले आणि समोर अनोळखी दुकानदार. कोणाच्या अंगावर जाणार ती? आमच्याच पंचवटीतल्या पोरांच्या. आणि मग म्हणतील, नाशिकची माणसं लुटतात.

त्यामुळे आत्ताच सांगतोय. घाटावर बँकांची टेबलं लावा. बँकेची माणसं बसवा, मराठी आणि हिंदी बोलणारी, नावाच्या पाट्या लावून. पैसे अडकले की तिथल्या तिथे तक्रार नोंदवून पावती द्या. शंभर-दोनशेच्या नोटा असलेली एटीएम ठेवा आणि ती दिवसातून जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा भरा. आणि मुदत उलटली की दिवसाला शंभर रुपये, न मागता. 2019 चा नियम आहे. सिंहस्थापर्यंत त्याला जवळपास आठ वर्षं होतील.