ड्युको, एनसी थिनर आणि पॉलिकार्बोनेटची बॉडी: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या) गाड्या चालवणाऱ्या सांगली-मिरजेच्या मुलांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक, लवचिक प्लास्टिकच्या) बॉडीसाठी वेगळे महाग रंग घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गॅरेजमधला ड्युको (मोटारींना मारायचा रंग) घ्या, निम्मा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घालून दुधासारखा पातळ करा, आतून आधी पांढरा प्रायमर मारा, मग एअरब्रशचं (हवेने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या साधनाचं) प्रेशर चढवून रंगाचा एकच भरपूर थर द्या आणि हेअर ड्रायरने वाळवा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. बाहेरून मागवाव्या लागणाऱ्या रंगांच्या किमती टोचतात, हे खरंच आहे. पण हा सल्ला पाळून बॉडी गेली तर नवी बॉडी रंगाच्या बाटलीपेक्षा महाग पडते. शाळेतली मुलं पैसे साठवून या बॉड्या घेतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ड्युको आणि एनसी थिनर, कारण खरं नुकसान इथेच होतं. मोटारसायकलच्या टाकीवर ड्युको छान बसतो, कारण खालच्या पत्र्याला थिनर काही करत नाही. पॉलिकार्बोनेटचं तसं नाही. एनसी थिनरमध्ये टोल्युईन, ॲसिटोन किंवा त्याच जातीची द्रावकं असतात आणि ती या प्लास्टिकमध्ये शिरतात. आपली बॉडी म्हणजे साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा, तापवून साच्यावर व्हॅक्यूमने ओढलेला. चाकांच्या कमानी, बॉनेटच्या कडा, मागचा विंग अशा जागी तो जास्त ताणला जातो आणि थंड झाल्यावर तो ताण आतच राहतो. तिथे थिनर पोचला की ताण बारीक बारीक तड्यांनी मोकळा होतो. बाहेरून पाहिलं तर पांढुरकं जाळं दिसतं. ते घासून किंवा पॉलिश करून जात नाही, कारण तडा प्लास्टिकच्या आत असतो.

यावर ‘माझी तर टिकली’ असं सांगणारेही भेटतात. सगळ्याच बॉड्या लगेच तडकत नाहीत. पुष्कळदा जाळं दिसतही नाही, पण प्लास्टिकचा चिवटपणा गेलेला असतो. मग पहिल्या जोरदार धडकेत बॉडी पोस्टच्या (बॉडी गाडीवर अडकवायच्या खांबाच्या) भोकापासून चीर निघते आणि दोष बॉडी बनवणाऱ्यावर जातो. शिवाय ड्युको वाळल्यावर कडक होतो. धडकेत बॉडी लवते, रंग लवत नाही, आणि त्याचे पोपडे सुटतात.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे: तामिया या जपानी कंपनीच्या पीएस स्प्रेमध्येही सॉल्व्हंट असतंच की! असतं. पण तो रंग पॉलिकार्बोनेटसाठीच बनवलेला आहे. त्यातलं द्रावक पृष्ठभागाला धरून ठेवण्यापुरतंच काम करतं आणि वाळलेला थर बॉडीबरोबर लवतो. पॉलिस्टायरिनच्या मॉडेलसाठी हीच कंपनी टीएस नावाची वेगळी मालिका विकते. दोन्ही स्प्रेच, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मग गॅरेजमधला रंग कसा चालेल?

माझ्या शब्दावर विसंबायचं कारण नाही. बॉडी कापताना कडेची जी पट्टी उरते ती घ्या, वाकवून क्लिपमध्ये अडकवा आणि वाकलेल्या भागावर एनसी थिनरचे थेंब सोडा. दुसरी पट्टी न वाकवता ठेवा आणि तिच्यावरही तसेच थेंब सोडा. दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसेल. हे उघड्यावर करा, वास घेऊ नका.

आता पातळ करण्याचं प्रमाण. ‘दुधासारखा’ हा अंदाज वाईट नाही, पण ‘निम्मा थिनर’ हा चुकीचा आहे. फासकलरसारखे पाण्यावरचे पॉलिकार्बोनेट रंग एअरब्रशसाठीच बनवलेले असतात. त्यांना बहुधा काही घालावं लागत नाही. लागलंच तर त्याच कंपनीचा रिड्यूसर (रंग पातळ करायचं द्रव), तोही थेंबाथेंबाने. निम्मं पातळ केलं की रंगाला धरून ठेवणारा घटक विरळ होतो, थर कमजोर बसतो आणि बॉडीच्या आतल्या कोपऱ्यांत ओघळ साचतात. मेटॅलिक आणि पर्लमध्ये चमकीचे कण असतात. त्यांना पातळ करत बसण्यापेक्षा 0.5 मिलिमीटरचं नोझल लावा. साध्या रंगांना 0.3 किंवा 0.35 पुरतं. रंग गाळून कपात ओता, म्हणजे निम्मे अडथळे तिथेच मिटतात.

प्रमाण हवेवरही ठरतं, आणि हे त्या मेसेजमध्ये अजिबात नाही. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रंग सुईच्या टोकावरच वाळतो. काही थेंब हवेतच सुकून बॉडीवर खरखरीत बसतात. अशा वेळी रिड्यूसर किंचित वाढवा किंवा सरळ सकाळी लवकर काम करा. पावसाळ्यात उलट. पाण्यावरचा रंग वाळायला वेळ घेतो, म्हणून दोन थरांमधला वेळ वाढवायचा. कंप्रेसरच्या नळीतही पाणी धरतं. वॉटर ट्रॅप (नळीतलं पाणी अडवणारी डबी) नसेल तर ते थेंब थेट रंगात उतरतात.

प्रेशर चढवण्याचा सल्लाही सोडून द्या. या रंगांना साधारण 25 ते 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. जास्त हवेने रंग मास्किंगच्या (खिडक्या झाकणाऱ्या टेपच्या) कडेखाली घुसतो आणि खिडकीची रेघ फाटते. एकाच भरपूर थराने तेच होतं. पहिला थर इतका हलका मारा की आरपार दिसलं पाहिजे. तो वाळला की दुसरा, मग तिसरा.

पांढऱ्या प्रायमरबद्दल एवढंच: आपण आतून रंगवतो आणि बाहेरून बघतो. आधी पांढरा मारला तर गाडी पांढरीच दिसणार. पट्टे, अक्षरं, गडद रंग आधी, फिके नंतर, पांढऱ्याचा आधार त्यांच्या मागे, सगळ्यात शेवटी. फ्लुरोसंट रंगांना तर हा आधार लागतोच. प्रायमरपेक्षा बॉडी भांड्याच्या सौम्य साबणाने आतून नीट धुणं महत्त्वाचं, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर कोणताच रंग धरत नाही. बाहेरची संरक्षक फिल्म काम संपेपर्यंत काढू नका.

हेअर ड्रायरचा सल्ला मात्र निम्मा बरोबर आहे. पाण्यावरच्या रंगाला कोमट हवा मानवते. ती लांबून आणि फिरती ठेवा. एकाच जागी धरली तर वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतलं पाणी अडकतं आणि टेपचा गोंद सुटतो.

मेसेजमध्ये मास्कचा उल्लेखच नाही. स्प्रे कॅन किंवा थिनरच्या वाफेला रुमाल अडवत नाही, त्यासाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. पाण्यावरच्या रंगाचं धुकंही फुप्फुसात जातं, तेव्हा तिथेही धुळीचा चांगला मास्क लावा. पोटमाळ्यावर दार लावून फवारणी करू नका, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाजवळ मोठं कोणीतरी असू द्या. शेवटी एअरब्रश त्याच रंगाच्या क्लीनरने धुवा. कपात एनसी थिनर राहिला तर पुढचा पाण्यावरचा रंग त्यातच फाटून नोझल बंद होतं.