तू नुसते ओठ हलव

आज एका प्राथमिक शाळेत गॅदरिंगची तालीम पाहिली. दुसरीची चाळीस पोरं, समूहगीत, बाई पेटीवर. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा अगदी जीव तोडून गात होता, पण सगळं गाणं एकाच जाड सुरात. बाईंनी भाता थांबवला. म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं." त्यानं मान डोलावली आणि पुढचा अर्धा तास इमानेइतबारे ओठ हलवले.

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

तो बेसूर नव्हता हो! पट्टी, म्हणजे पेटीवर सा कुठे धरायचा ते, चुकली होती. बाईंची स्वतःची पट्टी काळी पाच, बोटं सवयीनं तिथेच गेली. सात वर्षांच्या पोराला तो खालचा सा म्हणजे पुटपुटणं, आणि तोच एक सप्तक वर घेतला की किंचाळणं. मधे जागाच उरत नाही. सा त्या खालच्या सापेक्षा जरा वर, पांढरी दोनवर आणा, सा ते ध एवढ्यातच फिरणारं गाणं निवडा, बघा किती "बेसूर" पोरं आपोआप सुरात येतात ते. बाईंना चढं पडेल. पडू दे. स्टेजवर पोरं गाणार आहेत.

सर शिकवत असले की घोळ वेगळा. सर खालच्या सप्तकात गातात, पोरं त्यांची नक्कल करत खर्जात घुसतात आणि घोगरी होतात. मग सरांनी पेटी वाजवावी आणि ओळ आधी चौथीतल्या एखाद्या सुरेल मुलीकडून म्हणून घ्यावी.

आणि ते "मोठ्याने म्हणा, मागे ऐकू येत नाही!" या एका वाक्यानं गळ्याच्या शिरा फुगतात, खांदे वर जातात, सूर सुटतो. मागे ऐकू जायला शब्द स्पष्ट लागतात, आरडाओरडा नाही. दुसरं, ओळ सांगून झाली की आपण गप्प बसायचं. पोरांबरोबर आपणही गात राहिलो तर कोण कुठे घसरतंय ते ऐकणार कोण?

मान्य, बाई संगीताच्या नाहीतच. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, आहे तो सहावी ते आठवीला, तेही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला कुणीच नाही. गणित, परिसर अभ्यास, पोषण आहाराच्या नोंदी, आणि वर ही पेटी. त्यांच्यावर किती चिडायचं?

पण तो मुलगा डोळ्यांसमोरून जात नाही.

काय करता आलं असतं? मधल्या सुट्टीआधी दोन मिनिटं बाजूला घ्यायचं. "आ" म्हणायला लावायचं, येईल त्या सुरात. तो सूर पेटीवर शोधायचा. आधी आपण त्याच्या सुरावर जायचं, त्याला आपल्याकडे ओढायचं नाही. जुळला की त्याचं त्यालाच कळतं. मग एकेक सूर वर. अडला तर सगळ्या वर्गाकडून ॲम्ब्युलन्सचा सायरन काढून घ्या, खालून वर, वरून खाली. अशी पोरं गातानाही बोलण्याचाच आवाज वापरत असतात, वरचा पातळ आवाज त्यांना ठाऊकच नसतो. सायरनमध्ये तो सापडतो. आणि चाळीसजण एकदम ओरडत असताना कुणी कुणाकडे बघत नाही.

लय पळते, त्याचंही खापर पोरांवरच. केरवा तालाच्या आठ मात्रा, पहिलीला टाळी, पाचवीला 'खाली', म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा. पोरं खालीला हात नुसता झटकतात, मग पुढची टाळी लवकर पडते. हात पार बाजूला उघडायला लावा, वेळ हातातच जातो. कराओके ट्रॅकनं लय सुधारते म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की ट्रॅक पोरांसाठी थांबत नाही, आणि त्याची पट्टी मूळ गायिकेची असते. मोबाईलवर ती एकदोन सूर खाली घेता येते, तेवढं तरी करा.

बाई, तुमच्यावर राग नाही आता. गॅदरिंगला अजून वेळ आहे. त्याला त्या दोन वेण्यांच्या मुलीशेजारी उभं करा, ती पक्की गाते. फक्त भिंतीकडच्या टोकाला नको, तिथे स्पीकर आहे, त्याला स्वतःचं काही ऐकूच येणार नाही.