माझ्या नावाचा हलमा

नाताळच्या सुट्टीत झाबुआ जिल्ह्यातील एका मिशनमध्ये आठ दिवस सेवेला जाण्याचा निर्णय मी घेतला, असे आमच्या इंदूरच्या रामबागेत सर्वांना सांगण्यात आले आहे. प्रत्यक्षात तो निर्णय फोनवर झाला आणि त्या वेळी मी गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होतो. आमच्या सौभाग्यवतींनी २७ वर्षे एका कॉन्व्हेंट शाळेत गणित शिकवले. तेथील एका सिस्टरांची बदली पुढे या मिशनमध्ये झाली आणि "टीचर, डिसेंबरात आम्हाला हात फार कमी पडतात," एवढेच त्या म्हणाल्या. त्यावर, "आमचे हे निवृत्त झाल्यापासून त्यांचे दोन्ही हात मोकळेच असतात," असे उत्तर इकडून तत्परतेने गेले. शिवाय, या माणसाने ३० वर्षे गल्लीतल्या गणपतीची आरास केली आहे, तेव्हा ख्रिस्तजन्माचा गोठा म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा मळ, अशी शिफारसही जोडण्यात आली. मी झारी खाली ठेवून आत येईपर्यंत माझी नेमणूक झालेली होती.

बँकेच्या नोकरीत 'सेवा' हा शब्द मी मुख्यत्वे सेवाशुल्काच्या संदर्भातच वापरला होता. तरीही, एकदा जायचे ठरल्यावर मी तयारीत कसूर केली नाही. कानटोपी, दोन स्वेटर, विजेरी, सुतळीची चार बंडले, आरतीचे टाळ, दोन किलो लवंगी शेव आणि अर्धा किलो जीरावन मसाला एवढे सामान घेऊन मी गंगवाल बसस्थानकावर गाडीत बसलो. शेव बरोबर असल्याशिवाय इंदूरचा माणूस गाव सोडत नाही; पुढे काय वाढून ठेवलेले असेल ते असो, त्यावर घालायला काहीतरी असावे, एवढाच त्यामागचा विचार असतो. धार मागे पडले, राजगढ मागे पडले, माछलिया घाट ओलांडला आणि सुमारे १५० किलोमीटरचा प्रवास संपवून मी झाबुआला उतरलो, तेव्हा मिशनची जीप न्यायला आली होती. जीपमध्ये माझ्याआधी १७ माणसे बसलेली होती. मला पाहुणा म्हणून मानाने पुढच्या सीटवर, एका शेळीच्या शेजारी, जागा देण्यात आली. या शेळीचा उल्लेख पुढे येणार आहे.

मिशनचे प्रमुख असलेले फादर मूळचे केरळचे, हिंदी अस्खलित बोलणारे आणि भिलीत विनोद करणारे होते. त्यांनी मला चहा देऊन, काही सूचना असल्यास अवश्य सांगा, असे सौजन्याने म्हटले. २०१७ सालापासून स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवत आलेल्या शहरातील नागरिकाला असे विचारणे धोक्याचे असते. मी ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या विलगीकरणावर पंधरा मिनिटे बोललो आणि निदान दोन डबे तरी ताबडतोब ठेवावेत, असे सुचवले. फादरांनी मला शांतपणे अंगणात नेले. ओला कचरा शेळ्या खात होत्या आणि सुका चुलीत जळत होता. तिसऱ्या प्रकारचा कचरा, माझ्या खिशातील चॉकलेटचा कागद सोडल्यास, त्या आवारात कोठेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला स्वयंपाकघराच्या हवाली केले. त्या भागात मक्याच्या पिठाचे पानिये करतात. पीठ मळून त्याचे थापट गोळे रुईच्या दोन पानांमध्ये दाबायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, अशी ती साधी रीत आहे. रुईची पाने शनिवारी मारुतीला वाहणे एवढाच माझा त्या वनस्पतीशी संबंध होता. ती जेवणाच्या कामी येताना पाहून मी चीक, विषबाधा वगैरे शंका उपस्थित केल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या हा पदार्थ करत आलेल्या बायकांनी त्या सहानुभूतीने ऐकून घेतल्या. माझे पहिले सहा पानिये निखाऱ्यात विरघळले. सातवा टिकला, पण तो उलटताना मी स्वतःचे बोट भाजून घेतले, आणि उरलेला दिवस सेवेकऱ्याच्या बोटाला मलम लावण्यासाठी एक परिचारिका अडकून पडली. संध्याकाळी, आपण गायनमंडळात जावे हे बरे, असे सिस्टरांनी सुचवले. त्यांच्या स्वरात काळजी होती. ती माझ्याबद्दल होती की पानियांबद्दल, हे मी विचारले नाही.

गायनमंडळाने मला आनंदाने घेतले, कारण माझ्याजवळ टाळ होते. नाताळच्या आधी काही रात्री ही मंडळी घरोघर जाऊन ख्रिस्तजन्माची गाणी म्हणतात. "आज फक्त बारा घरे आहेत," असे गटप्रमुख मला म्हणाले आणि मी मनातल्या मनात हसलो. रामबागेत बारा घरे म्हणजे एका जिन्याचे काम. गणपतीच्या दिवसांत मी एका संध्याकाळी वीस घरांच्या आरत्या करून, वीस प्रसाद पचवून, नऊच्या बातम्यांना घरी आलेलो आहे. परंतु भिलांची वस्ती आपल्यासारखी भिंतीला भिंत लावून बसत नाही. गाव अनेक फळियांमध्ये विखुरलेले असते आणि फळियातील प्रत्येक घर आपापल्या शेतात, बहुधा आपापल्या टेकडीवर, एकटे उभे असते. बारा घरे म्हणजे बारा टेकड्या, हे गणित मला तिसऱ्या टेकडीवर उमगले.

थंडी मरणाची होती आणि चांदणे नव्हते. माझी विजेरी दुसऱ्या नाल्यात पडली. पुढे मांदल नावाचा ढोल वाजवणारा जवान, मागे दहा-बारा वर्षांच्या मुलींचा चपळ घोळका आणि सर्वांच्या शेवटी, दगडाला ठेचाळत, प्रत्येक ठेचेसरशी टाळ वाजवणारा मी, अशी ती मिरवणूक होती. माझ्या टाळेवरून मी कोठवर आलो आहे हे पुढच्यांना कळत असे आणि त्यानुसार ते पुढच्या घरी गाणे सुरू करायचे थांबत. गाण्यांच्या बाबतीतही माझ्याकडून एक घोटाळा झाला. आरतीच्या सवयीने माझा हात प्रत्येक कडव्याला लय वाढवत नेतो, आणि शांत रात्रीचे, निजलेल्या बाळाचे वर्णन करणारे एक संथ गाणे पाचव्या घरी माझ्या टाळांमुळे अशा वेगाला पोहोचले की घरातील खरे बाळ दचकून जागे झाले. घरमालकीण मात्र रागावली नाही. तिने सर्वांना गूळ-चहा दिला आणि मला खाट दिली. सातव्या टेकडीनंतर एका मुलीने माझे टाळ स्वतःकडे घेतले, दुसरीने माझी पिशवी घेतली, आणि दहाव्या टेकडीवर मांदलवाल्याने, संकोचाने का होईना, मलाच पाठीवर घेण्याची तयारी दर्शवली. मी नकार दिला. तो नकार फार लवकर दिला, असे मला अकराव्या टेकडीवर वाटले.

एवढे सगळे होऊनही माझा मुख्य भरवसा गोठ्यावर होता. तीन दिवस चिंतन करून मी कागदावर आराखडा काढला होता: चार खांब, कमान, वर कळस, मागे फिरते प्रकाशचक्र. फादरांनी तो बराच वेळ पाहिला आणि मग अगदी हळू आवाजात इतिहास सांगितला. असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हा त्यात खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण एवढेच होते. लोकांना ते दारिद्र्य डोळ्यांनी दिसावे, हाच त्याचा हेतू होता. "तेव्हा कळस नसला तरी चालेल," असे ते म्हणाले. ३० वर्षांच्या सेवेत माझा कळस कोणी नाकारला नव्हता, पण मी मन मोठे केले आणि गरिबीचा गोठा करायला घेतला. भिंती तुरीच्या काड्यांच्या केल्या आणि छपरावर मक्याची हिरवट ताटे दाट अंथरली. काम संपले तेव्हा अंधार पडला होता. त्या छपराला असा काही अस्सल सुगंध येत होता की माझे मलाच कौतुक वाटले.

तो सुगंध इतरांनाही आला असावा. सकाळी गोठ्याला छप्पर नव्हते. आत, मरिया आणि योसेफ यांच्या मूर्तींच्या मधोमध, जीपमधील माझी सहप्रवासी शेळी आपल्या चार नातलगांसह तृप्त मनाने रवंथ करीत बसली होती. शाळेतील मुले भोवती जमली. त्या भागात पँट घातलेला प्रत्येक अनोळखी माणूस 'माटसाब', म्हणजे मास्तर, असतो, त्यानुसार एका आठ वर्षांच्या मुलाने मला समजावले, "माटसाब, हे खायचं असतं. घरावर सागाचं पान घालतात, त्याला शेळी तोंड लावत नाही." मी त्याला विचारले, की काल संध्याकाळी मी ताटे अंथरत असताना तू तर माझ्या शेजारीच उभा होतास, मग हे तेव्हाच का सांगितले नाहीस? तो म्हणाला, "मला वाटलं, शेळ्यांसाठीच करताय."

दुसरा गोठा मी सागाच्या पानांचा केला आणि तो शेळ्यांनी खाल्ला नाही. तो २४ तारखेला दुपारी तीन वाजता आपला आपणच पडला. मखराचे खांब फरशीवर उभे करायची सवय असल्याने मी मुरमाड जमिनीत चारच बोटे खड्डे खणले होते, आणि गाठी सुतळीच्या, सुबक, अनंत चतुर्दशीला एका ओढीत सुटतील अशा मारल्या होत्या. त्या त्याप्रमाणे सुटल्या. मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनाविधीला, नऊ तास उरले होते, माणसे बैलगाड्यांतून आणि पायी यायला लागली होती आणि मी पानांच्या ढिगाऱ्यातून योसेफाला शोधत होतो.

त्याच सुमारास मेघनगर स्थानकावरून एक जीप आली. पावसाळी पिके निघाली की या भागातील पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. तेथील इमारतींवर सेंट्रिंगचे काम करणारी ती माणसे सणाला घरी परतत होती. बोचकी खांद्यावरून उतरण्याआधीच त्यांची नजर माझ्या कामावर गेली. त्यांच्यातील एका वयस्क गृहस्थांनी ढिगारा पाहिला, सुतळी पाहिली, शेवटी मला पाहिले आणि भिलीत काहीतरी म्हटले. भिली गुजरातीच्या नात्यातली असल्याने एक-दोन शब्द मला लागले. उरलेले सिस्टरांनी सांगितले. "माटसाब एकटे पडलेत. यांचा हलमा करू."

हलमा ही भिलांची जुनी रीत आहे. एखाद्याचे काम त्याच्या एकट्याच्या आवाक्याबाहेर गेले, की तो हाक देतो आणि गाव येऊन ते काम करून जातो. मजुरी द्यायची नसते, आभारही फारसे मानायचे नसतात. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर पावसाचे पाणी अडवण्यासाठी हजारो माणसांनी हलम्याने चर खोदले आहेत, हे मी इंदुरात वर्तमानपत्रात वाचले होते आणि, आपल्याकडे अशी वृत्ती उरली नाही, असा उसासाही टाकला होता. त्या थोर परंपरेत माझाही समावेश होईल, आणि तोही कामाच्या बाजूला, हे मात्र मला अपेक्षित नव्हते. सुमारे तीस माणसे कामाला लागली. कोणी पहार घेतली, कोणी बांबू तासले, बायकांनी पाने ओवली, आणि मी मदतीला पुढे झालो की कोणीतरी अत्यंत आदराने खुर्ची आणून देई. पाऊण तासात असा गोठा उभा राहिला की त्यात खरोखर एखादे कुटुंब संसार मांडू शकले असते. ज्याचा हलमा त्याने खाऊ घालावे, असे मी ऐकले होते. म्हणून माझी दोन किलो शेव आणि सगळे जीरावन तीस जणांत वाटले. वाट्याला मूठभरही आली नाही, पण माझ्याकडून त्या आठवड्यात झालेली निर्विवाद सेवा तीच.

गव्हाण रात्री बारापर्यंत रिकामी ठेवतात. मध्यरात्रीच फादर बाळाची मूर्ती मिरवत आणून तीत ठेवतात. गवत अंथरून ती गव्हाण तयार ठेवण्याचे तेवढे काम माझ्याकडे उरले होते, आणि ते मी जीव ओतून केले होते. घंटा झाली, मांदल थांबले, मेणबत्त्यांच्या उजेडात फादर वाकले, आणि गव्हाणीने त्यांच्या हाताला चोच मारली. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती पिसांपासून तुऱ्यापर्यंत काळी असते, त्यामुळे अंधारात मऊ गवत पाहून बसलेली ती बाई कोणालाही दिसली नव्हती. प्रार्थनास्थळात क्षणभर शांतता पसरली आणि मग लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे हसले, फादरही हसले. आठ वर्षांच्या माझ्या त्या सल्लागाराने सराईतपणे कोंबडी काखेत मारली आणि खालचे अंडे माझ्या हातात दिले. ते काळे असेल असे मला वाटले होते. ते फिकट बदामी आणि ऊबदार होते, आणि उरलेली सगळी मिस्सा मी ते दोन्ही हातांत धरून, शाकाहारी माणसाला शोभेल अशा धास्तीने, उभ्याने ऐकली.

निघताना मी ते वयस्क गृहस्थ होते तेथे जाऊन, आपले उपकार कसे फेडू, असे औपचारिकपणे विचारले. हा प्रश्न इंदुरात उत्तरासाठी विचारायचा नसतो. त्यांनी थोडा विचार केला आणि माझा फोन नंबर मागून घेतला.

वैशाखात, ऐन उन्हात, फोन आला. मी गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होतो. खाली येऊन पाहतो, तो सौभाग्यवती बोलून मोकळ्या झाल्या होत्या. गावात तलावाचा गाळ काढायचा आहे, रविवारी हलमा आहे, आणि माझे नाव पाट्या उचलणाऱ्यांत घातले आहे. खणण्याचे काम माटसाबांना देऊ नये, असे सर्वानुमते ठरले आहे. कुदळ आणायची गरज नाही. शेव मात्र या खेपेला पाच किलो आणावी, कारण माणसे तीस नसून दोनशे असतील.