भिंतीवर काय असावे, हे वस्तीने ठरवावे

गेल्या काही वर्षांत सोलापुरातील शाळांच्या आणि कार्यालयांच्या कितीतरी कुंपणभिंती रंगल्या. त्यांवर स्वच्छतेचे संदेश आले, वाघ आले, नंदीध्वज आले आणि वारली माणसांचा फेर तर हमखास आला. वारली चित्रांविषयी माझी तक्रार नाही. पण ती कला पालघर-ठाण्याकडची, आणि तिकडच्या भिंतींवर आपला पद्मशाली विणकर कोणी रंगवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पूर्व भागातील एका भिंतीवर मात्र हातमाग काढलेला होता. त्याच्यापुढे उभे राहून एका वृद्ध विणकरांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि मग शांतपणे म्हणाले, "ह्याला ताणाच नाही की हो. माग चालायचा कसा?" खरोखरच, त्या मागावर उभे धागे कुठेही नव्हते. चित्रकाराचा हात चांगला होता. परंतु चार पावलांवर आयुष्यभर माग चालवलेली माणसे राहत असताना त्याला त्यांच्याकडे कोणी नेलेच नव्हते.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. आपल्याकडे 'लोकसहभागातून भित्तिचित्र' म्हणजे आधीच काढून ठेवलेल्या रेघांमध्ये मुलांनी रंग भरायचे आणि पाहुण्यांसोबत फोटो काढायचा. काय काढायचे, कोणाचे काढायचे आणि काय गाळायचे हा निर्णय ज्या कार्यशाळेत होत नाही, तिला सहभाग म्हणणे मला पटत नाही. अमेरिकेत ज्युडी बाका यांनी 1976 पासून लॉस एंजेलिसमधील पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर सुमारे अर्धा मैल लांबीचे चित्र केले. त्यात चारशेहून अधिक तरुण मुले रंगवायला होती, आणि इतिहासकारांशी व तिथल्या जुन्या रहिवाशांशी बोलून चित्राचा आशय ठरत गेला. आपल्या देशात बस्तरमध्ये नवज्योत अल्ताफ यांनी कोंडागावच्या आदिवासी कलावंतांबरोबर हातपंपांभोवती 'नलपार' उभे केले. तिथे शिल्प तर आहेच, शिवाय पाणी भरणाऱ्या बायकांना भरलेले भांडे आधी टेकवून मग उचलता यावे अशी सोयही आहे. पाणी भरणाऱ्यांकडे लक्ष दिल्याखेरीज असली रचना सुचत नाही.

सोलापुरात तर या कामासाठी लागणारे कौशल्य घरोघरी आहे. जॅकार्डच्या चादरीवरचा मोर आधी ग्राफ पेपरवर चौकटी भरून उतरवला जातो, त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडली जातात आणि मग तो मागावर चढतो. लहान चित्र मोठ्या भिंतीवर नेण्याची पद्धतही चौकटींचीच असते. कागदावरचा एक सेंटिमीटर भिंतीवर एक फूट होतो, इतकाच फरक. म्हणजे चादरीचे नक्षीकाम करणारा माणूस या कार्यशाळेत शिकवणारा म्हणून बसायला हवा, शिकणारा म्हणून नव्हे.

विडी कामगार बायकांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. शनिवारी सकाळी अकराला सभागृहात बोलावले तर त्या दिवसाच्या विड्या बुडतात आणि मग 'महिलांचा प्रतिसाद कमी' असे अहवालात लिहून आपण मोकळे होतो. बैठक त्यांच्या गल्लीतच घ्यावी. मांडीवर सूप घेऊन, हात चालू ठेवून त्या उत्तम बोलतात, फक्त ऐकणाऱ्याला तेलुगू, कन्नड किंवा दखनी यायला हवी. त्यापुढे जाऊन ज्यांचा वेळ घेतला त्यांना मानधन द्यावे. चित्रकाराला पैसे आणि वस्तीला प्रमाणपत्र, ही वाटणी मला अपमानकारक वाटते.

उन्हाचेही पाहायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेल्यावर भिंतीसमोर कोण उभे राहणार? 1984 मध्ये सुरू झालेल्या फिलाडेल्फियाच्या भित्तिचित्र उपक्रमात चित्राचे तुकडे पातळ कापडावर रंगवतात आणि नंतर भिंतीवर चिकटवतात, त्यामुळे शाळेत, तुरुंगात, कुठेही बसून काम करता येते. कापडाच्या गावाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. भिंतीची ओल आणि जुने पोपडे मात्र आधी काढावेच लागतात. आपल्या निविदांमध्ये त्या कामाला आणि पुढच्या डागडुजीला सहसा छदामही नसतो.

सुरुवात सोलापूरजवळच्या कुंभारीतील रे नगरपासून व्हावी, असे मला वाटते. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची ती वसाहत नवी आहे, इमारती एकसारख्या आहेत, आणि कोणत्या भिंतीवर काय असावे याविषयी तिथल्या लोकांची मते अजून कोणी मागितलेली दिसत नाहीत. पहिले काही महिने फक्त बैठका आणि ग्राफ पेपर यांवर खर्च करावेत. रंगाची निविदा त्यानंतर काढली तरी चालेल.