खुलासा : ‘सॅल्व्ह’ म्हणजे मलम, पण लॅटिनचं नव्हे

‘इंग्रजीतला सॅल्व्ह, म्हणजे मलम, हा लॅटिनमधल्या साल्व्हे या अभिवादनातून आला, रोमन लोक मलम लावताना तसं म्हणत,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. गोष्ट गोड आहे, खरी नाही.

मलमाचा सॅल्व्ह जर्मानिक कुळातला. जुन्या इंग्रजीत तो ‘सेआल्फ’ होता. जर्मनमध्ये आजही मलमाला ‘साल्बं’ म्हणतात. याच मुळाशी संस्कृतातलं ‘सर्पिस्’, म्हणजे तूप, जोडतात. आयुर्वेदातली ‘फलसर्पि’सारखी नावं आठवा. म्हणजे नातं शोधायचंच तर रोमपेक्षा आपल्या तुपाच्या बरणीत शोधावं!

लॅटिन ‘साल्व्हे’ वेगळा. त्याचं मूळ ‘साल्व्हुस’, म्हणजे सुखरूप. मरियेच्या ‘साल्व्हे रेजिना’ या स्तोत्रातला साल्व्हे तोच. तोफांची सलामी म्हणजे ‘साल्व्हो’, तोही इटालियनमार्गे तिथलाच.

गोंधळ वाढवतं ते तिसरं क्रियापद. बुडत्या जहाजातला माल वाचवणं यालाही इंग्रजीत ‘सॅल्व्ह’ म्हणतात. ते ‘सॅल्व्हेज’चं शेपूट छाटून अठराव्या शतकात तयार झालं, त्यामुळे ते मात्र खरंच लॅटिन घराण्यातलं. मनाची टोचणी शमवण्यासाठी वापरतात तो सॅल्व्ह मात्र मलमाचाच.