गुडघेदुखीचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

"गुडघा दुखतोय? चालणं बंद, जिना बंद, पाय उचलायचे व्यायाम तर अजिबात नकोत, गुडघ्यातलं ग्रीस संपतं, पट्टा बांधा आणि ग्लुकोसामीन घ्या." हा मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. आमच्या मावशीने तो इतका मनावर घेतला की दिवसभर खुर्चीतच बसायला लागली, आणि आता बाथरूमला जाताना भिंत धरते. संताप येतो अक्षरशः.

ग्रीसचं म्हणाल तर सांध्याचं अस्तर ते वंगण सतत तयार करत असतं. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण त्या वंगणातूनच होतं आणि त्यासाठी सांधा हलावा लागतो. बसून राहून काय वाचवणार?

सगळ्यात घातक मुद्दा पाय उचलायच्या व्यायामांचा. चालताना दर पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो, तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला कलू न देण्याचं काम खुब्याच्या बाजूचे स्नायू करतात, मुख्य म्हणजे ग्लुटियस मिडियस. गुडघ्याची झीज असलेल्यांमध्ये हेच स्नायू बऱ्याचदा कमजोर सापडतात, आणि पाय उचलायचे व्यायाम असतात ते यांनाच बळकट करायला. मावशीला ओट्याला धरून एका पायावर उभं केलं तर उचललेल्या पायाकडची कंबर लगेच खाली गेली आणि तिने दोन्ही हातांनी ओटा घट्ट पकडला. अशा माणसाला आणखी बसवून ठेवायचं? उद्या पडली आणि खुब्याचं हाड मोडलं तर मेसेज पाठवणारे येणारेत का उचलायला?

ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले अशा 89 जणांवर चाचणी झाली, 2010 ला छापून आली. त्यातल्या एका गटाने 12 आठवडे फक्त खुब्याचे व्यायाम केले, दुसऱ्याने काहीच नाही. व्यायामवाल्यांचं दुखणं कमी झालं, रोजची कामं सोपी झाली. गुडघ्यावरचा भार मात्र मोजला तर तेवढाच होता, त्यामुळे व्यायामाने झीज भरून येते असं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका.

ग्लुकोसामीन, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून विकली जाणारी ती पूरक गोळी, देऊ नका असं ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल डॉक्टरांना सल्ला देणाऱ्या नाइस संस्थेच्या 2022 च्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि व्यायाम सगळ्यांना सांगा असंही. सुरुवातीला थोडं दुखू शकतं हेही त्यात आहे. पट्ट्याने कुणाला आधार वाटत असेल तर वाटो, पण त्याने स्नायू बळकट होत नाहीत.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, गुडघा सुजून ठणकत असेल तेव्हा दोन दिवस जिने आणि उकिडवं बसणं कमी करणं बरोबर आहे. पण दोन दिवस, कायमचं नाही! आणि गुडघा गरम लागतोय, ताप आहे, किंवा अडकून सरळच होत नाहीये, तर आधी डॉक्टर.

बाकीच्यांनी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून हळू उचलावा, हळू खाली आणावा. ओट्याला धरून एका पायावर उभं राहावं, जमायला लागलं की एकच हात, मग नुसती बोटं टेकवून, आणि सुरुवातीला घरातलं कुणीतरी शेजारी उभं असू द्या.