नव्या आणलेल्या पाकटीला आठ दिवस उपाशी ठेवू नका

'गोड्या पाण्यातला स्टिंगरे पाळताय? या पाच गोष्टी लक्षात ठेवा' असा मेसेज माशांच्या ग्रुपवर फिरतोय. ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने नागपूरहून पाकटीचं, म्हणजे या चपट्या स्टिंगरे माशाचं, पिल्लू आणलं आणि हा मेसेज वाचून त्याचं खाणंच बंद केलं. मेसेजचं म्हणणं असं: आणल्यावर आठ दिवस उपाशी ठेवा, पोट साफ होतं. समुद्रातला मासा आहे, पाण्यात खडे मीठ टाका. नंतर जिवंत गोल्डफिश द्या. 'टीकप' जात लहानच राहते. आणि शेपटीचा काटा कापून टाका, मग भीती नाही.

आधी उपाशी ठेवण्याचं बघू, कारण बरीच पिल्लं यानेच मरतात. कसलं पोट साफ करताय? पोटात काही असेल तर ना! पिशवीतलं पाणी विष्ठेने आणि अमोनियाने नासू नये म्हणून माल पाठवणारे आधीच खाणं तोडतात. मग निर्यातदार, आयातदार, ठोक व्यापारी, दुकानदार असं करत ते पिल्लू तुमच्या गावात येतं. वाटेत कोणी पोटभर घातलेलं नसतं. प्रवासाआधी उपाशी ठेवणं बरोबर आहे आणि घरी आल्यावर पहिले काही तास दिवा बंद ठेवून शांत राहू द्यावं, एवढं त्यातलं मान्य. त्याचे आठ दिवस कोणी केले?

टाकीत वरून बघा. शेपटी धडाला जुळते तिथे दोन्ही बाजूंना कमरेची हाडं उठून दिसतात का? डोळ्यांच्या मागचा मधला भाग भरलेला हवा. तो खपाटीला गेला असेल तर पिल्लू उपासमारीत आहे. अंगाच्या गोल तबकडीच्या कडा वर वळू लागल्या असतील तर प्रकरण फार पुढे गेलेलं असतं.

अशा पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. सुरुवातीला जिवंत, वळवळणारं खाद्यच लागतं, कारण ते वासावर आणि हालचालीवर शिकार शोधतं. गांडुळं सर्वांत उत्तम, ओल्या बांधातली, धुऊन, बारीक तुकडे करून. कपाशीच्या वावरातली अजिबात नकोत, तिथे फवारणी झालेली असते. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळंही टाळा. ती दाबली की पिवळट, उग्र वासाचा द्रव सोडतात आणि पुष्कळ मासे ती थुंकून टाकतात. माशांच्या दुकानात खाद्य म्हणून मिळणारे ट्युबिफेक्स किंवा ब्लडवर्म हे बारीक किडे मिळाले तरी चालतील. अंगावर मांस आलं की ताज्या झिंग्यांचे तुकडे सुरू करा. उरलेलं तासाभरात काढा, पाकटीला अमोनिया सोसत नाही.

आता मीठ. या पाकटींचे पूर्वज समुद्रातून आले हे खरं आहे. पण समुद्रातल्या पाकटी आणि शार्क रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी तोल राखतात. थॉर्सन, कोवान आणि वॉटसन या संशोधकांनी १९६७ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की दक्षिण अमेरिकेतल्या पोटॅमोट्रिगॉन, म्हणजे याच गोड्या पाण्यातल्या, पाकटींच्या रक्तात युरिया अगदीच कमी असतो. १९७० मध्ये थॉर्सन यांनी याच पाकटी खारट पाण्यात ठेवूनही पाहिल्या, तरी त्यांना युरिया साठवता आला नाही. म्हणजे समुद्रात जगण्याची ती सोयच त्यांच्यात उरलेली नाही. वरून मीठ ओतणाऱ्याने कशाच्या आधारावर ओतलं?

गोल्डफिशबद्दल थोडक्यात: त्यांच्यात थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि दुकानातले स्वस्त गोल्डफिश रोग घेऊन येतात. रोजचं खाद्य म्हणून नकोतच.

'टीकप' ही जातच नाही, लहान पिल्लांना दुकानदारांनी दिलेलं नाव आहे. तपकिरी अंगावर काळ्या कड्यांचे, डोळ्यांसारखे पिवळे-नारिंगी ठिपके असतील तर बहुधा मोटोरो ही जात, आणि ती अर्ध्या मीटरपर्यंत रुंद होते. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असतील तर ब्राझीलच्या झिंगू नदीतली लिओपोल्डी किंवा तिच्या जवळची हेनलेई असू शकते. या दोन्ही २०२२ मध्ये पनामातल्या परिषदेत सायटिस, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये घेतल्या गेल्या, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा प्राण्यांची नोंदणी लागते. विकत घेण्याआधी जात आणि कागदपत्रं विचारा.

आणि काटा कापणं. तो पुन्हा येतो! जुना झडतो, नवा वाढतो, त्यामुळे कापून मिळतं काय, तर जखमी मासा आणि कापणाऱ्याच्या हाताला धोका. विष काट्यावरच्या आवरणात असतं आणि कडांना उलटे दाते असतात. टाकीत हात घालू नका, खाद्य लांब चिमट्याने द्या. काटा लागलाच तर भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, हात बुडवून ठेवा. पाणी गरम आहे का ते दुसऱ्या माणसाने तपासावं, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. मग लगेच ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि आत काट्याचा तुकडा राहिलाय का हे डॉक्टरांना तपासायला सांगा.